पाणी कुठे मुरतं आणि त्यातली गोळी कुठे जाते?

व्यवहारात काही काळंबेरं दिसलं की आपण म्हणतो, "यात कुठेतरी पाणी मुरतंय." मुरलेलं पाणी दिसत नाही आणि दिसत नाही म्हणून त्याचा हिशेबही कुणी मागत नाही, हे ज्यानं पहिल्यांदा हा वाक्प्रचार वापरला त्याला पक्कं ठाऊक असावं. भूजलात औषधांचे अंश सापडल्याच्या बातम्या आता अधूनमधून येतात आणि त्या वाचून दोन टोकांच्या प्रतिक्रिया उमटतात. कुणी म्हणतं, "बापरे, म्हणजे आपण दुसऱ्याच्या गोळ्या पितोय!" तर कुणी म्हणतं, "छे, माती सगळं गाळून घेते. खाली पोचेपर्यंत पाणी शुद्ध होतं." दोन्ही बोलण्यांत अर्धंच सत्य आहे आणि उरलेलं अर्धं फारच मनोरंजक आहे.

२०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक पाहणीत १०४ देशांतल्या २५८ नद्यांच्या पाण्यात ६१ औषधी घटकांचा शोध घेतला गेला. फेफऱ्यावरचं कार्बामाझेपीन, मधुमेहावरचं मेटफॉर्मिन आणि कॅफीन हे तीन पदार्थ निम्म्याहून जास्त ठिकाणी निघाले. २०२४ मध्ये युरोपीय संघानं तर कायदाच केला. शहरी सांडपाण्यातून असे सूक्ष्म अंश काढायला जो जादा खर्च येईल, त्यातला किमान ८० टक्के भार औषधं आणि सौंदर्यप्रसाधनं बनवणाऱ्यांनी उचलायचा.

नदी निदान डोळ्यांसमोर असते. जमिनीत शिरलेल्या पाण्याचं पुढे काय होतं, हे ठरवणारे कारभारी मात्र चमचाभर मातीत अब्जावधींच्या संख्येनं बसलेले असतात. ते म्हणजे मातीतले सूक्ष्मजीव. पाणी किती वेगानं खाली जाणार हेही तेच ठरवतात आणि पाण्यात विरघळलेल्या औषधाचं काय करायचं हेही तेच. ही दोन कामं एकमेकांत इतकी गुंतलेली आहेत की एक दोरा ओढावा तर दुसऱ्याला गाठ बसते.

## गोळी शरीरात संपत नाही

गोळी गिळली, ती विरघळली, गुण आला, विषय संपला, असं आपण धरून चालतो. मेटफॉर्मिनच्या बाबतीत हे साफ चूक आहे. शरीरात ते जवळजवळ बदलतच नाही, मूत्रपिंडं ते जसंच्या तसं बाहेर टाकतात. इतर बऱ्याच औषधांवर यकृत हात फिरवतं. त्याची एक ठरलेली युक्ती आहे. औषधाच्या रेणूला साखरेच्या जातीचा एक तुकडा जोडायचा, म्हणजे तो पाण्यात सहज विरघळून लघवीवाटे निघून जातो. पाहुण्याच्या हातात पिशवी देऊन त्याला दारापर्यंत पोचवावं, तसं.

गंमत पुढे आहे. सांडपाण्यातले जिवाणू ही पिशवी तेवढी हिसकावून खातात आणि मूळ औषध पुन्हा मोकळं होतं. त्यामुळे काही शुद्धीकरण केंद्रांत कार्बामाझेपीन आत येताना जेवढं मोजलं, त्याहून बाहेर पडताना जास्त भरतं. मोजणाऱ्याचं यात काही चुकलेलं नसतं. आत येताना औषध वेषांतर करून आलेलं असतं, एवढंच.

दुखऱ्या गुडघ्याला चोळायच्या डायक्लोफिनॅकच्या मलमाचं तर विचारूच नका. त्यातला फार थोडा भाग कातडीतून आत जातो. उरलेला हात धुताना, अंघोळीला आणि कपड्यांच्या धुण्यात वाहून जातो.

हे सगळं मातीत शिरायच्या वाटा अनेक आहेत. फुटक्या गटारवाहिन्या, शोषखड्डे, प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यावरची शेती, सांडपाण्याच्या गाळाचं खत, औषधं दिलेल्या जनावरांचं शेण. वाट कुठलीही असो, पुढचा मुक्काम मातीतच.

## आधी पाणी चालतं कसं ते पाहू

माती म्हणजे कण आणि कणांमधल्या फटी. वाळूच्या फटी मोठ्या, चिकणमातीच्या अतिबारीक. पाणी चालतं ते या फटींतून. १८५६ मध्ये आंरी दार्सी या फ्रेंच अभियंत्यानं दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याच्या निमित्तानं केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. वाळू भरलेल्या उभ्या नळकांड्यातून पाणी सोडायचं आणि किती येतं ते मोजायचं, इतका साधा प्रकार. निष्कर्षही साधा निघाला. पाण्याला मागून जेवढा रेटा आणि माती जेवढी वाट देणारी, तेवढा प्रवाह. मातीच्या या वाट देण्याच्या गुणाला 'पारगम्यता' म्हणतात. भूजलशास्त्राची सगळी इमारत या सूत्रावर उभी आहे.

फटींचा आकार बदलला की काय होतं, हे इथे नीट लक्षात घ्यायला हवं, कारण आपला अंदाज हमखास चुकतो. बारीक नळीची त्रिज्या निम्मी केली तर तेवढ्याच रेट्याला पाणी निम्मं येत नाही, सोळावा हिस्सा येतो. म्हणजे फटीच्या भिंतीवर थोडासा लेप बसला तरी वाहणं पार मंदावतं. हा सोळावा हिस्सा ध्यानात ठेवा.

दुसरी गोष्ट हवेची. फटींत पाणी असतं तशी हवाही असते. दोन्ही योग्य प्रमाणात असतात त्या स्थितीला मराठीत 'वाफसा' हा नेमका शब्द आहे. मातीत वाफसा आहे की फटी काठोकाठ पाण्यानं भरल्यात, यावर तिथे कोणते सूक्ष्मजीव कामाला लागणार हे ठरतं. ऑक्सिजन हवेतून जितक्या सहज पसरतो, त्याच्या सुमारे दहा हजार पट हळू तो पाण्यातून सरकतो. फटी भरल्या की खाली श्वास कोंडतो.

## चिकटा

तोंड न धुता झोपलात तर सकाळी दातांवरून जीभ फिरवून पाहा. जो बुळबुळीत थर लागतो, तो जिवाणूंनी बांधलेला असतो. ओढ्यातल्या दगडावरून पाय घसरतो तोही बहुतेकदा अशाच थरावरून. जिवाणू एकेकटे पोहत बसत नाहीत. पृष्ठभाग मिळाला की त्याला धरतात, अंगातून साखरेच्या लांबच लांब साखळ्या आणि प्रथिनं सोडतात आणि त्या लगद्यात वसाहत करतात. शास्त्रीय भाषेत ही बायोफिल्म. या लेखापुरतं तिला 'चिकटा' म्हणू. चिकट्यात बहुतांश पाणीच असतं आणि ते वाळवून उरणाऱ्या पदार्थातही जिवाणू सहसा दहा टक्क्यांपेक्षा कमी भरतात. बाकी सगळं बांधकाम. एखाद्या गावात माणसं मूठभर आणि घरंच घरं असावीत, तसा हा प्रकार.

आता हा चिकटा मातीच्या फटींत बसवा आणि तो सोळावा हिस्सा आठवा.

१९४७ साली अ‍ॅलिसन या मृदाशास्त्रज्ञानं एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. माती बराच काळ पाण्याखाली ठेवली की पाणी मुरण्याचा वेग घसरत जातो, हे आधीपासून माहीत होतं. कण फुगत असतील, विस्कटत असतील, असे तर्क होते. अ‍ॅलिसननं माती निर्जंतुक केली, पाणीही निर्जंतुक वापरलं, आणि ती दीर्घकाळ चालणारी घसरण दिसलीच नाही. माती तीच, पाणी तेच. फरक होता फक्त जिवंत रहिवाशांचा. वाळूच्या नळकांड्यांतल्या पुढच्या प्रयोगांत तर पारगम्यता शंभराव्या, काही वेळा हजाराव्या हिश्शापर्यंत उतरलेली दिसली. दार्सीच्या सूत्रात जो आकडा मातीचा कायमचा गुण म्हणून धरला जातो, तो जिवाणूंच्या मर्जीनं हलतो, असा याचा अर्थ.

हे बुजणं सगळीकडे सारखं होत नाही. पाणी जिथून आत शिरतं तिथे अन्न जास्त, म्हणून वरच्या काही सेंटिमीटरांतच चिकटा दाट होतो. शोषखड्डा काही वर्षांनी पाणी घेईनासा होतो, त्यामागे पुष्कळदा भिंतीलगतचा हा पातळ काळा थर असतो. त्यापलीकडची माती रिकामी, ढिम्म बसलेली असू शकते.

चिकटा हे एकच हत्यार नाही. ऑक्सिजन संपला की काही जिवाणू नायट्रेटवर श्वास घेतात आणि नायट्रोजन वायू सोडतात. त्याचे बुडबुडे फटीत अडकतात आणि बाटलीच्या तोंडात बूच बसावं तशी वाट बंद होते. काही बुरश्या मातीच्या कणांवर मेणासारखा लेप चढवतात. मग कोरड्या मातीवर पाण्याचा थेंब मोत्यासारखा बसून राहतो, आत शिरतच नाही.

आणि याच बुरश्यांचे तंतू नेमकं उलटंही करतात. मातीचे सुटे कण ते दोऱ्यासारखे ओवतात, जिवाणूंचा डिंक त्यांना चिकटवतो आणि माती रवाळ, भुसभुशीत होते. रव्यांमधल्या मोठ्या फटींतून पाणी झरझर उतरतं. जिवंत माती पाणी पिते आणि मेलेली माती वरून पाणी वाहू देते, हे शेतकऱ्याला पाठ असतं. तेव्हा "सूक्ष्मजीव वाट बुजवतात की उघडतात?" या प्रश्नाला एका शब्दात उत्तर नाही. सांडपाण्यासारखं भरपेट अन्न आणि सतत ओल असेल तर बुजवतात. कुजका पाला, मुळं आणि मध्येमध्ये वाफसा असेल तर बहुधा उघडतात.

## "माती गाळते ना?"

गाळते, पण औषध नाही गाळत. गाळणं म्हणजे भोकापेक्षा मोठी वस्तू अडवणं. गाळ अडतो, काही जंतू अडतात. औषधाचा रेणू साधारण एक नॅनोमीटरचा, म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. वाळूतली फट त्याच्या हजारो पट रुंद. किल्ल्याच्या दरवाजातून मुंगीला अडवायचं म्हटल्यासारखं आहे ते. मातीला चाळणी म्हणण्यापेक्षा पोट म्हटलेलं मला जास्त पटतं. तिथे काही चिकटतं, काही पचतं आणि काही तसंच पुढे जातं.

चिकटणं हा विजेच्या भाराचा खेळ आहे. चिकणमातीच्या कणांवर ऋण भार असतो. रक्तदाबावरच्या अ‍ॅटेनोलॉलसारख्या औषधांवर मातीत धन भार असतो, त्यामुळे ती कणांना धरून बसतात. सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक तर इतकं घट्ट बसतं की सुटता सुटत नाही. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांच्यावर ऋण भार. ती कणांपासून दूर ढकलली जातात आणि पाण्याबरोबर चालू लागतात. पण चिकटलेलं औषध संपलेलं नसतं. ते थांबलेलं असतं. मातीची आम्लता बदलली तर ते पुन्हा चालू लागू शकतं.

संपवण्याचं काम पचनाचं आणि ते सूक्ष्मजीवांचं. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, कॅफीन यांचा ते हवेशीर मातीत चांगला फडशा पाडतात. यात एक बारीक मुद्दा आहे आणि तो सहसा सांगितला जात नाही. पाण्यात औषध असतं इतकं कमी की त्यावर कुठल्याही जिवाणूचं पोट भरणं कठीण. जिवाणू खातात दुसरंच काहीतरी, कुजलेल्या पाल्यातून आलेला सेंद्रिय ऐवज वगैरे, आणि तो तोडायला त्यांनी बनवलेल्या विकरांच्या (एन्झाइमांच्या) तडाख्यात जाताजाता औषधही सापडतं. सुक्याबरोबर ओलंही जळतं, त्यातला प्रकार.

मग जिवाणूंना भरपूर खाऊ घातलं तर औषधही जास्त जळेल? इथे निसर्ग आपल्याला चकवतो. सोपं अन्न मुबलक मिळालं की थोड्याच जाती माजतात, ऑक्सिजन फस्त करतात आणि अवघड रेणूंकडे ढुंकूनही बघत नाहीत. अन्न बेताचं आणि ऑक्सिजन पुरेसा असेल तिथे नाना जातींचे जिवाणू नाना विकरं वापरून मिळेल ते तोडत बसतात. जमिनीत पाणी मुरवून शुद्ध करण्याच्या काही योजनांत आता हेच तत्त्व वापरतात. पहिल्या टप्प्यात पाण्यातलं सोपं अन्न संपवायचं, मग पाण्याला पुन्हा हवा द्यायची आणि दुसऱ्यांदा जमिनीतून फिरवायचं.

मातीच्या पोटावर माणसानं ठेवलेला विश्वास जुना आहे. १८२९ मध्ये लंडनला जेम्स सिम्प्सन या अभियंत्यानं थेम्स नदीचं पाणी वाळूच्या थरांतून हळूहळू झिरपवायला सुरुवात केली. १८९२ मध्ये हाम्बुर्गला पटकीची साथ आली आणि सुमारे ८,६०० माणसं दगावली. अगदी शेजारचं आल्टोना मात्र बव्हंशी वाचलं. आल्टोना नदीच्या खालच्या अंगाला, म्हणजे त्याच्या वाट्याला हाम्बुर्गची घाण मिसळलेलं पाणी. पण ते वाळूतून झिरपवून पीत होते आणि हाम्बुर्ग नदीचं पाणी तसंच. त्या वाळूवर साचणाऱ्या बुळबुळीत थराला जर्मन लोक 'श्मुत्सडेक', म्हणजे घाणीचं पांघरूण, म्हणतात. शुद्धीकरणाचं बरंचसं काम त्या पांघरुणातच होतं.

## मग चिकटा मित्र की शत्रू?

दोन्ही, आणि तेही एकाच वेळी. सगळ्या विषयाची मेख इथेच आहे, म्हणून जरा थांबू.

चिकट्यानं पाणी मंदावलं म्हणजे औषध आणि जिवाणू यांची गाठ जास्त वेळ पडते, पचन जास्त होतं. इथवर चांगलं. चिकटा आणखी वाढला की ऑक्सिजन खाली पोचत नाही. मग जिवाणू श्वासासाठी पर्याय शोधत एकेक पायरी उतरतात. आधी नायट्रेट, मग मँगनीज, लोह, सल्फेट. प्रत्येक पायरीला रसायन वेगळं. ऑक्सिजन असताना सहज तुटणारी औषधं खालच्या पायरीवर तशीच राहतात. काही मोजकी मात्र खालच्या पायरीवरच बरी तुटतात.

याचं बर्लिनमधलं उदाहरण मोठं बोलकं आहे. बर्लिनच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा भाग नदी-तलावांच्या काठच्या विहिरींतून येतो. तलावातलं पाणी काठच्या वाळूतून झिरपत विहिरीत यायचं, ही तिथली जुनी रीत. फेनाझोन हे तिथे सापडलेलं जुनं वेदनाशामक ऑक्सिजन असेपर्यंत वाळूत चांगलं तुटतं. उन्हाळ्यात पाणी कोमट झालं की जिवाणूंचा उत्साह वाढतो. साहजिक वाटेल की औषधही जास्त तुटेल. प्रत्यक्षात ते वाढलेल्या उत्साहात ऑक्सिजन संपवून बसतात आणि फेनाझोन निसटून पुढे जातं. कामगार जास्त राबले आणि काम बिघडलं.

तिसरी भानगड आडवाटांची. चिकट्यानं बारीक फटी बुजल्या तरी पाण्याचा रेटा थांबत नाही. मुळं कुजून पडलेली नळीसारखी बिळं, गांडुळांचे बोगदे, उन्हानं पडलेल्या भेगा यांतून ते घुसतं. गल्लीबोळ बंद झाले की सगळी रहदारी महामार्गावर येते, तसं. या महामार्गावरून जाणाऱ्या पाण्याला ना चिकटा भेटतो ना वेळ मिळतो. वरच्या फूटभर मातीत जिवाणूंची दाटी असते, खाली ती झपाट्यानं विरळ होते. आडवाटेनं ती दाटी चुकवून खाली पोचलेलं औषध भूजलात फारसं कुणी न विचारता दीर्घकाळ राहू शकतं.

तेल अवीव परिसराचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी वाळूच्या खाचरांत सोडून जमिनीत मुरवतात, मग विहिरींनी उपसून शेतीला देतात. तिथे खाचर सतत भरलेलं ठेवत नाहीत. भरायचं, मग काही दिवस कोरडं पडू द्यायचं, पुन्हा भरायचं. सुकल्यावर वरचा चिकटा आक्रसतो, तडकतो, हवा आत शिरते आणि मुरण्याचा वेग परत येतो. चिकटा पुरता खरवडून काढला तर पचन जाईल, तसाच ठेवला तर वाट बंद होईल. म्हणून ही उघडझाप. यापेक्षा हुशार उपाय अजून तरी फारसा कुणाला सुचलेला नाही.

## पचत नाहीत ते रेणू

कार्बामाझेपीन हा यातला सर्वात हट्टी गडी. बहुतेक मातींत जिवाणू त्याला दाद देत नाहीत. तेल अवीवच्या त्या पाण्यातही ते टिकून राहिलं. २०१६ मध्ये इस्राएलमधल्या संशोधकांनी ३४ निरोगी माणसांवर एक चाचणी केली. काहींना सांडपाण्यावर पिकवलेला भाजीपाला दिला, काहींना गोड्या पाण्यावरचा. पहिल्या गटाच्या लघवीत कार्बामाझेपीनचं प्रमाण वाढलं. औषध घेणाऱ्या रुग्णाच्या तुलनेत ते नगण्य होतं, हेही सांगायला हवं. पण माणसातून गटारात, गटारातून वाळूत, वाळूतून रोपात आणि रोपातून पुन्हा माणसात, हा फेरा त्यानं पुरा केला.

सल्फामेथॉक्सॅझोल या प्रतिजैविकाची लबाडी वेगळी. नायट्रेटवर श्वास घेणारे जिवाणू जिथे असतात, तिथे त्याचं एका नायट्रो रूपात रूपांतर होतं. तपासणीत मूळ औषध गायब दिसतं, सगळे खूश. पुढे परिस्थिती बदलली की ते रूप उलटतं आणि औषध पुन्हा हजर. "इतके टक्के औषध नष्ट झालं" असं वाक्य दिसलं की मी आता आधी शोधतो, की ते नष्ट झालं की नुसतं दिसेनासं झालं. मेटफॉर्मिनही असंच. जिवाणू त्याचं ग्वानिलयुरिया करतात आणि तो पदार्थ पुढे चिवटपणे टिकतो.

## "पण मात्रा केवढीशी!"

हा आक्षेप रास्त आहे आणि त्याला गुळमुळीत उत्तर देऊ नये. भूजलातले आकडे सहसा लिटरला नॅनोग्रॅममध्ये असतात. लिटरला एक नॅनोग्रॅम म्हणजे शंभर कोटी लिटर पाण्यात एक ग्रॅम, ऑलिंपिकचे सुमारे चारशे पोहण्याचे तलाव भरून पाण्यात चिमूटभर. लिटरमागे शंभर नॅनोग्रॅम औषध असलेलं पाणी रोज दोन लिटर प्यायलात, तर पाचशे मिलिग्रॅमची एक गोळी पोटात जायला सहा हजार आठशे वर्षांहून जास्त काळ लागेल. तेव्हा असं पाणी पिऊन कुणाला औषधाचा गुण किंवा विषबाधा होईल, ही भीती धरायचं कारण नाही.

पण हिशेब तिथे मिटत नाही. एक तर मात्रा सगळीकडे केवढीशी नसते. हैदराबादजवळच्या पटणचेरूत औषध कारखान्यांचं सांडपाणी घेणाऱ्या एका शुद्धीकरण केंद्राबाहेरच्या पाण्यात लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन सापडल्याचं २००७ मध्ये प्रसिद्ध झालं. औषध घेतलेल्या रुग्णाच्या रक्तातही इतकं नसतं. दुसरं असं की हा सगळा हिशेब माणसाच्या वजनाचा झाला. जिवाणूच्या वजनाचा हिशेब वेगळा. जिवाणू मरायला जेवढं प्रतिजैविक लागतं त्याच्या शेकडो पटींनी कमी मात्रेतही औषधाला दाद न देणारे जिवाणू इतरांना मागे टाकू शकतात, हे प्रयोगशाळेत २०११ मध्ये दाखवलं गेलं. आणि चिकट्यात जिवाणू खेटून राहतात, जनुकांची देवाणघेवाण तिथे सोपी असते.

मातीत पाणी शुद्ध करणारे कामगार आणि प्रतिजैविकाचे बळी एकाच जमातीचे आहेत, याची मला जास्त काळजी वाटते. भूजलातल्या जिवाणूंवरच्या प्रयोगांत सल्फामेथॉक्सॅझोलमुळे त्यांचं नायट्रेट संपवण्याचं काम मंदावलेलं दिसलं आहे. पहारेकऱ्यालाच गुंगी यावी, तशातली गत.

## "प्रतिजैविकं मातीतूनच तर आली"

खरं आहे. पहिल्या पावसाचा जो वास आपण छाती भरून घेतो, तो ज्या जिवाणूंचा, त्याच स्ट्रेप्टोमायसिस घराण्यातल्या एकापासून १९४३ मध्ये सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत क्षयावरचं स्ट्रेप्टोमायसिन सापडलं. गोठलेल्या जमिनीतल्या ३० हजार वर्षं जुन्या गाळातही प्रतिजैविकांना न जुमानणारी जनुकं मिळाली आहेत. म्हणजे ही लढाई माणसाच्या आधीची.

म्हणून फिकीर नको, असं मात्र नाही. मातीतले जिवाणू हे पदार्थ कणाकणानं, थोड्या जागेत, थोडा वेळ बनवतात. आपण ते अखंड ओततो, आणि सिप्रोफ्लॉक्सासिन, सल्फामेथॉक्सॅझोल ही औषधं तर कारखान्यात रचलेली, मातीच्या ओळखीचीच नव्हेत.

तरी माती नवं शिकते, हेही तितकंच खरं. कॅनडातल्या एका शेतात संशोधक जनावरांना देण्याची प्रतिजैविकं वर्षानुवर्षं मातीत मिसळत गेले. नंतर पाहिलं तर तिथली माती त्यातलं सल्फामेथाझीन नवख्या मातीपेक्षा लवकर तोडत होती, आणि ते खाणारा एक जिवाणूही तिथून वेगळा काढता आला.

## "मग तेच जिवाणू पोत्यानं आणून टाकू या"

ही कल्पना दर काही वर्षांनी नव्यानं सुचते आणि प्रयोगशाळेत चालतेही. उघड्या जमिनीत बाहेरून आणलेला जिवाणू सहसा टिकत नाही. तिथे आधीच कोट्यवधी रहिवासी जागा आणि अन्न अडवून बसलेले असतात, शिवाय आलेल्याला खाणारे एकपेशीय जीवही टपलेले असतात. आणि नॅनोग्रॅमभर औषधावर पोट भरत नाही, हे वर आलंच आहे. असलेल्यांना हवा, ओल आणि बेताचं अन्न मिळेल अशी तजवीज करणं जास्त फळाला येतं.

बाकी उपाय जमिनीच्या वरचे आहेत. स्वित्झर्लंड २०१६ पासून निवडक शुद्धीकरण केंद्रांत ओझोन किंवा सक्रिय कोळशाचा टप्पा वाढवत आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२४ मध्ये प्रतिजैविकांच्या कारखान्यांच्या सांडपाण्याबद्दल मार्गदर्शिका काढली. घरच्या मुदत संपलेल्या गोळ्या संडासात टाकू नयेत, हे ठीकच, पण पाण्यातला मोठा वाटा गिळलेल्या गोळ्यांचा असतो, टाकलेल्यांचा नव्हे. औषध बंद करून हा प्रश्न सुटणार नाही आणि तसं कुणी सुचवूही नये.

राहता राहिलं कार्बामाझेपीन. मातीतल्या जिवाणूंना सहसा न बधणारं हे औषध निसर्गात आपोआप कधीच तयार होत नाही, ते येतं माणसाच्या सांडपाण्यातूनच. म्हणून विहिरीचं पाणी तपासताना भूजलशास्त्रज्ञ ते मुद्दाम शोधतात. ते सापडलं की वर कुठली तरी गटारवाहिनी फुटली आहे किंवा एखादा शोषखड्डा या विहिरीच्या वाटेवर आहे, हे कळतं. मग माग काढत वरच्या अंगाच्या एकेका विहिरीचा नमुना घेत जायचं, पाणी नेमकं कुठे मुरतंय ते सापडेपर्यंत.